परिषदेला जाताना काय न्यावे?

रत्नागिरीच्या एका माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षक मध्यंतरी आमच्याकडे आले होते. कृतीतून शिक्षण ह्या विषयावरील एका परदेशी परिषदेचे त्यांना निमंत्रण होते. रजा मंजूर झाली होती, तिकिटाचीही सोय झाली होती. "सर, तिकडून काय काय आणू?" असे त्यांनी विचारले. प्रश्न साधा होता, तरी आम्हांला खटकला. पूर्वी असेच जाऊन आलेल्या एका शिक्षकांची प्रयोगपेटी आम्ही पाहिली आहे. भाग हरवले तर येथे मिळत नाहीत, म्हणून ती कपाटात कुलूपबंद होती. मुलांना तिचे दर्शन विज्ञानदिनी घडे, तेही दुरून.

ह्याच जिल्ह्यातील एक शिक्षक १९२९ साली शिक्षणपरिषदांसाठी परदेशी गेले होते. धोंडो केशव कर्वे. जन्म शेरवलीचा, बालपण दापोलीजवळच्या मुरूडचे, १८९१ ते १९१४ फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. प्रवासाला निघाले तेव्हा वय सत्तरीचे. जुलैअखेर ते जिनिव्हाच्या परिषदेत होते आणि ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोरला, न्यू एज्युकेशन फेलोशिपच्या मेळाव्यात. मुलाला बाकावर गप्प बसवून पाठ करून घेणाऱ्या शाळेला कंटाळलेल्या शिक्षकांची ही चळवळ होती. माँटेसरी पद्धतीची आंतरराष्ट्रीय संस्था त्याच वर्षी तेथेच स्थापन झाली.

जिनिव्हात कर्वे बोलले ते हिंदुस्थानातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर, म्हणजे १९१६ साली स्वतःच काढलेल्या महिला विद्यापीठावर. 'प्रयोग' हा त्यांचाच शब्द. ऐकण्यासारखे तेथे पुष्कळ असणार. पण ते सांगण्यासारखे काही घेऊन गेले होते. आणि प्रयोग म्हटला की तो तपासण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला आपोआप मिळतो.

तो अधिकार आपणही वापरू. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्या प्रयोगाचे अंग आजही धाडसी वाटते. मात्र स्त्रियांचे कार्यक्षेत्र निराळे म्हणून त्यांचा अभ्यासक्रमही निराळा, ही त्यामागील भूमिका आम्हांला पटत नाही. अशा अभ्यासक्रमात गृहशास्त्राला मान असतो, आणि गृहशास्त्रात हाताने करण्याजोगे काही कमी नाही. पण विरजण लावताना थंडीत दही उशिरा का लागते हे कोणी विचारले नाही, तर ते शिक्षण नव्हे, रोजचे घरकामच. कोकणातील मुलींचे हात पिढ्यान्‌पिढ्या कामातच आहेत. नुसते हात चालवून विज्ञान येत असते, तर ते येथे केव्हाच आले असते. हा आक्षेप एकट्या कर्व्यांवर नाही. कृतिशिक्षणाच्या नावाने आज जे चालते त्यातील बऱ्याच भागाला तो लागू पडतो. ती कुलूपबंद पेटी उघडली असती, तरी मुलांनी सूचनापत्रिकेबरहुकूम जोडणीच केली असती.

असो. आम्ही पाहुण्यांना उलट विचारले, "तुम्ही येथून काय नेणार?" ते जरा गोंधळले. मग बोलता बोलता कळले की, त्यांची नववीची मुले मांडवीच्या धक्क्यावर खुणा करून भरतीची वेळ आणि उंची वहीत टिपतात. हे सांगण्याजोगे आहे असे त्यांना वाटलेच नव्हते! भरती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते, हे मुलांनी नोंदींवरूनच काढले होते. ज्या दिवशी दोन्ही भरत्या उजेडी सापडतात, त्या दिवशीच्या उंचीत बरीच तफावत दिसते, हेही एका मुलीने दाखवले होते. सरांनी मापण्यातली चूक म्हणून ते सोडून दिले. पाठ्यपुस्तकातील आकृतीत पृथ्वीच्या दोन्ही अंगांचे फुगवटे सारखे असतात ना!

चूक मुलीची नव्हती. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेस वा दक्षिणेस असला की फुगवटे तिरपे पडतात आणि आपल्याकडे एकाच दिवसाच्या दोन भरत्या असमान होतात. आकृती बहुधा चंद्र नेमका विषुववृत्तावर धरून काढलेली असते. ही विषमता आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सहज मोजता येते.

सर आता ती वही नेणार आहेत. पावसाने तिची काही पाने फुगली आहेत, जून-जुलैच्या नोंदी तर नाहीतच. त्या का नाहीत हेही तिकडे सांगा, असे आम्ही त्यांना सुचवले आहे. त्या मुलीला उत्तर मात्र निघण्यापूर्वीच द्यायचे, असे त्यांनी कबूल केले.