‘अतिपक्व’ या संज्ञेविषयी

थंड व दमट हवेतील युकॅलिप्टस-अरण्यांचे दीर्घकालीन निरीक्षण व्हिक्टोरियाच्या मध्य उच्चभूमीत डेव्हिड लिंडेनमायर यांनी १९८३ साली आरंभिले. टास्मानियाच्या दक्षिणेस वॉरा येथील क्षेत्र १९९५ साली स्थापन झाले. भाषेच्या अभ्यासकाने येथे डोकावण्याचे कारण एवढेच की, या अरण्यांची परिभाषा बव्हंशी लाकडाच्या वखारीतून आली आहे. आपल्या ‘निलगिरी’ला निदान लागवडीच्या डोंगराचा आधार आहे, तिकडे तीन भिन्न जातींचे लाकूड ‘टास्मानियन ओक’ म्हणून विकले जाते, आणि त्यांपैकी एकही ओक नव्हे! हा दोष क्षम्य मानता येईल. ‘अतिपक्व’चे तसे नाही. वाढ मंदावलेल्या, गाभा पोखरलेल्या वृक्षास वनाधिकारी हे विशेषण लावीत आले. पक्व कशासाठी? अर्थात करवतीसाठी. वस्तुतः युकॅलिप्टस रेग्नन्स या वृक्षात लेडबीटर पॉसम या चिमुकल्या प्राण्यास राहण्याजोगी ढोली पडण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. संज्ञा ज्यास ऱ्हास म्हणते, तेथेच त्याचा संसार सुरू होतो. १९३९ च्या वणव्यानंतर उगवलेली झाडे या दृष्टीने अद्याप कोवळीच होत. २००९ च्या वणव्याने ढोलीच्या वृक्षांची केलेली हानी मोजता आली, ती पूर्वीची अनेक वर्षांची गणना हाताशी होती म्हणूनच. त्या गणनेतही ‘दीर्घकालीन’ हे पद वृक्षाच्या आयुष्यापुढे तोकडेच पडते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या परिभाषाकारांनी मात्र ‘अतिपक्व’ हा शब्द उचलू नये. ‘ढोलीचा वृक्ष’ हे साधे पद पुरेसे आहे. सह्याद्रीतील धनेशाच्या अभ्यासकांनाही ते उपयोगी पडेल.