विशेषणांचे सोपे अर्थ

धड्याच्या शेवटी कठीण शब्दांचे सोपे अर्थ देण्याची चाल आपल्या शाळांत जुनी आहे. पुस्तकात अर्थ नसला तर तो गाईडात असतो, आणि गाईडातही नसला तर गुरुजींनी फळ्यावर लिहिलेला असतो. नामांच्या बाबतीत ही चाल फारसा अपाय करीत नाही. ‘नीर म्हणजे पाणी’ एवढे सांगितले की मुलाचे काम भागते. विशेषणांच्या बाबतीत मात्र तिने जे चालविले आहे त्याची झडती कोणी तरी घेतली पाहिजे.

रमणीय म्हणजे सुंदर, मनोहर म्हणजे सुंदर, मोहक म्हणजे सुंदर, नयनरम्य म्हणजे दिसायला सुंदर. चार शब्द पाठ झाले; पण मुलाच्या हाती आला तो एकच, आणि तोही त्याला आधीपासून येत होता. मग निबंधाच्या वहीत गाव सुंदर, गाय सुंदर, शाळा सुंदर आणि पावसाळाही सुंदर. परीक्षक गुण देऊन मोकळा होतो. परंतु त्या मुलाने आपले गाव कधी डोळे उघडून पाहिले की नाही, हे त्या निबंधावरून कोणालाही सांगता यायचे नाही.

वास्तविक हे चारही शब्द आपापला अर्थ अंगावर घेऊनच आले आहेत. जेथे मन रमते ते रमणीय. जे मनाचे हरण करते ते मनोहर. जे मोह पाडते ते मोहक. आणि नयनरम्याचे नाते केवळ डोळ्यांशी. म्हणून गाणे मनोहर असू शकते, नयनरम्य असू शकत नाही. दुकानाची जाहिरात मोहक असेल, पण तिच्यात कोणी रमत नाही. ‘रमणे’ आणि ‘मोह’ हे तर घरात रोज बोलले जाणारे शब्द. अर्थ सोपा करायचाच असेल तर तो येथून करता येतो. त्यासाठी चौघांना एकाच दावणीला बांधण्याचे कारण नाही.

व्याकरण दादोबा पांडुरंगांचे (१८३६) असो की मोरो केशव दामल्यांचे (१९११), त्याचे काम विशेषणाची जात सांगण्याचे आहे. कोणते विशेषण कोणत्या नामाशी नांदते, हे कानानेच शिकावे लागते. रागाने चेहरा लालबुंद होतो, पोपटाची चोच लालचुटूक असते, आणि डोळ्यांवर येतो तो रंग लालभडक. तिन्हींचा सोपा अर्थ ‘खूप लाल’ असा दिला की तिन्ही शब्द मेले. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. ‘काळेकुट्ट केस’ म्हणून पाहावे. कौतुकाची निंदा होते. सदरा पांढराशुभ्र असतो, पण माणूस घाबरला की पांढराफटक पडतो. रंग एकच, शुभ आणि अशुभ मात्र शब्दाच्या शेपटात बसले आहे.

ही समज मुलांपाशी नसते असे नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला ‘भारी’ म्हणजे जड किंवा महाग, हा कोशातला अर्थ सांगून पाहावा. त्याला भारी जमीन म्हणजे खोल, काळी, ओल धरून ठेवणारी, हे ठाऊक असते. हलकी म्हणजे उथळ आणि मुरमाड, पावसाने ताण दिला की जिच्यावर पीक माना टाकते. ह्या दोन विशेषणांवर घरात काय पेरायचे ते ठरते. पण हे शब्द वर्गात आणायला तो बिचकतो. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. त्याने ‘काळी’ला ‘कायी’ म्हटले की वर्ग हसतो. लिहिताना ‘ळ’ यावा, हे कबूल. परंतु उच्चाराबरोबर शब्दही टाकला जातो आणि शब्दाबरोबर पाहिलेली वस्तू. मूल मग ‘सुंदर’ लिहिते, कारण तो शब्द कधी चुकत नाही. खरे नुकसान आहे ते हे.

काव्य म्हणजे अवघड विशेषणे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी बालकवींची ‘औदुंबर’ पुन्हा वाचावी. कविता आठ ओळींची. तिच्यातले रंग निळा, हिरवा, पांढरा, काळा. पहिलीतले मूल अडेल असा त्यांत एकही नाही. तरीही समीक्षक तिच्या अर्थाविषयी आजवर बोलत आले. त्या रंगांचा अर्थ शब्दार्थाच्या यादीत सापडत नाही. तो ज्या वाटेवर आणि ज्या डोहावर कवीने ठेवला, तेथे जाऊनच घ्यावा लागतो.

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह लावला तो ह्याच नगरात. येथील राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ प्राकृतात रचले. ते काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या शास्त्रकाराने त्याची दखल घेतलेली आहे. जेथला राजा संस्कृत बाजूला ठेवून प्राकृतात लिहिताना संकोचला नाही, तेथल्या पोराने घरचा शब्द वहीत लिहिताना का संकोचावे?

उपाय खर्चाचा नाही. विशेषण शिकवताना अर्थाआधी नाम द्यावे. मग ते विशेषण कोणत्या नामाला शोभणार नाही, हे मुलांना विचारावे. शेवटी, ‘ह्याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ असे विचारावे आणि जे उत्तर येईल ते फळ्यावर लिहावे. अभ्यासक्रम पुरा व्हायचा कसा, असे कोणी म्हणेल. दहा शब्दांऐवजी चार शिकवावेत. बाकीचे सहा तसेही परीक्षेनंतर उरत नाहीत. आणि निबंध तपासताना जेथे जेथे ‘सुंदर’ भेटेल, तेथे गुण न कापता शेजारी एवढेच लिहावे : म्हणजे कसे?