खेळणे, वाजवणे आणि लावणे : संगीताच्या ऑनलाइन खेळांविषयी

स्वारगेटच्या परिसरात कला आणि क्रीडा यांची सोयरीक जुनी आहे. गणेश कला क्रीडा मंचाने तर हे दोन्ही शब्द आपल्या नावातच शेजारी बसविले आहेत. तेथून जवळ, मुकुंदनगरात, महाराष्ट्रीय मंडळाचे क्रीडासंकुल आहे. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव २०१८ साली रमणबागेतून याच क्रीडासंकुलाच्या मैदानावर आला. तेथे ख्याल ऐकून घरी परतलेला तरुण रसिक संगणकावर तालाचे ऑनलाइन खेळ तितक्याच उत्साहाने खेळतो, अशी तक्रार अधूनमधून कानी येते. गाण्याचा खेळ झाला, असे तिचे स्वरूप असते. ही तक्रार भाषेच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

इंग्रजीत ‘प्ले’, जर्मनमध्ये ‘श्पीलन’, फ्रेंचमध्ये ‘झुए’ हे एकेकच क्रियापद खेळणे आणि वाद्य वाजवणे ही दोन्ही कामे करते. मराठीने ती वेगळी ठेवली. वाद्य आपण वाजवतो, खेळ खेळतो, आणि ध्वनिमुद्रिका, रेडिओ किंवा मोबाइलवरचे गाणे लावतो. हे ‘लावणे’ मोठे अर्थपूर्ण आहे. गायक सूर लावतो, आवाज लावतो, साथीदार तंबोरा लावतो, आणि श्रोता रेकॉर्ड लावतो. (‘लावणी’ची व्युत्पत्ती येथे ओढून आणण्याचा मोह आवरलेला बरा.) एखादी गोष्ट तिच्या योग्य जागी आणून ठेवण्याचा भाव या सर्व प्रयोगांत आहे, आणि त्या भावाने श्रोता गायकाच्या पंगतीस बसतो. हल्ली रूढ झालेल्या ‘गाणं प्ले कर’ या प्रयोगात तो उरत नाही.

पण म्हणून संगीत आणि खेळ मराठीत एकमेकांस परके आहेत असे मुळीच नाही. संगीत नाटकाच्या प्रयोगास आपण ‘खेळ’च म्हणत आलो. गवई स्वर खेळवतो, शेतकरी पाटाचे पाणी खेळवतो. ‘खेळवणे’ या प्रयोजक रूपात चालना देणे आणि मोकळीक ठेवणे हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. पाणी खेळवणारा त्यास वाट काढून देतो, पण प्रत्येक थेंब कोठून जावा हे ठरवीत नाही. तेव्हा गाण्याचा खेळ झाला, एवढ्यावरून दोष देता येणार नाही. खेळ कोणत्या जातीचा आहे, हे पाहिले पाहिजे.

‘गिटार हीरो’ हा खेळ २००५ साली आला. पडद्यावर रंगीत खुणा सरकत येतात. गिटारच्या आकाराच्या साधनावरील पाच बटणांपैकी योग्य ते बटण त्या त्या क्षणी साधावयाचे. एका सलग मालिकेत १० सूर साधले की पुढील गुण दुप्पट होतात, पुढे चौपटीपर्यंत जातात. जादा आघात झाला की मालिका तुटते. २००७ सालचा ‘ओसू’ तर ऑनलाइनच खेळावयाचा. वर्तुळावर अचूक क्षणी टिचकी पडली तर ३०० गुण, थोडी मागेपुढे झाल्यास १००, आणखी झाल्यास ५०; आणि जगभरच्या खेळाडूंत आपला क्रम लागतो. अशा सरावाने हात आणि कान तयार होतात हे नाकारण्याचे कारण नाही. मैफलीत भलत्याच मात्रेवर मान डोलावणारे श्रोते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा हे खेळाडू केव्हाही बरे.

माझा आक्षेप आहे तो गुण देण्याच्या रीतीवर. विलंबित एकतालात गाणारा गवई बाराही मात्रांवर शब्द टेकवीत बसत नाही. तो मात्रेच्या मागे रेंगाळतो, ती ओलांडून जातो, तबल्याला आपल्या वाटेने चालू देतो, आणि मग समेवर येतो. दाद मिळते ती या येण्याला. आणि आधी दूर गेल्यावाचून या येण्याला काही अर्थ नाही. ‘ओसू’च्या हिशेबात हे सारे दूर जाणे ५० गुणांचे, नाही तर शून्याचे. खेळाडूने आपल्या मनाने काही केले, ते नोंदविण्यास त्या हिशेबात रकानाच नाही. येथे मनुष्य खेळतो, पण खेळवत नाही. वर्षानुवर्षे हाच संस्कार झाला तर रेंगाळणे ही ढिलाई आहे असे रसिकाला वाटू लागेल, ही भीती मला अनाठायी वाटत नाही.

प्रत्येक संगणकी खेळ संगीताला असा मोजतोच असे नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली काढलेल्या ‘राजी’ या खेळात लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे भारतीय वळणाचे संगीत आहे. तेथे गुणांचा प्रश्न नाही. नायिका राक्षसांशी लढत असते आणि संगीत तिच्या सोबतीला असते. पण त्यामुळेच ते पार्श्वभूमीला राहते.

शिवाय ‘ओसू’सारख्या खेळात खेळवण्याचे काम कोणीच करीत नाही असेही नव्हे. त्यातील गीतांचे नकाशे खेळणारेच तयार करतात. कोणत्या आघाताला खूण द्यावयाची, कोणता सोडावयाचा, गळ्याच्या मागे जावयाचे की ड्रमच्या, हे नकाशा करणाऱ्याने ठरवावयाचे असते. हे काम समीक्षकाच्या कामाच्या बरेच जवळचे आहे, आणि आपल्याकडील अभ्यासकांनी त्याची दखल घ्यावयास हवी. एखाद्या ख्यालाचा असा नकाशा करू पाहणाऱ्यास पहिलीच अडचण ही येईल, की नकाशा एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचाच होतो. त्याच गायकाने तोच राग, तीच बंदिश दुसऱ्या रात्री मांडली तर सम तीच राहील. पण तिच्याकडे येणारी वाट निराळी असेल, आणि नकाशा पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.