समान बंध आणि करमुक्ती : अमेरिकन बँकांच्या आक्षेपांची मीमांसा

अमेरिकेतील क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतसंस्था. त्यांचे अधिकार वाढविणारे विधेयक पुढे आले की बँका दोन आक्षेप घेतात : या संस्था संघराज्याच्या प्राप्तिकरातून मुक्त असल्याने स्पर्धा विषम होते, आणि सभासदत्वाची मर्यादा सैल झाल्याने त्यांचे मूळ स्वरूप लोपते. दोन्ही आक्षेप एकत्र मांडले जात असले तरी त्यांवरून निघणारा निष्कर्ष एकच नाही.

१९३४ च्या कायद्याने सभासदत्व समान व्यवसाय, संघटना वा परिसर यांच्या बंधापुरते ठेवले. तारण देऊ न शकणाऱ्या कामगाराची पत त्याचे सहकारी जाणत. ती ओळख हेच तारण होते. १९८२ मध्ये नियामकाने परस्परसंबंध नसलेल्या गटांना एका संस्थेत येण्याची मुभा दिली. बँकांनी दाद मागितली, आणि २५ फेब्रुवारी १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी नव्या कायद्याने ती मुभा वैध केली. मात्र सभासदांना द्यावयाच्या व्यवसायकर्जांवर साधारणतः एकूण मालमत्तेच्या १२.२५ टक्क्यांची मर्यादा घातली. ती २७.५ टक्क्यांवर नेणाऱ्या, सिनेटर मार्क युडॉल यांच्या २०११ च्या विधेयकाला बँकांनी विरोध केला. ते संमत झाले नाही.

करविषयक आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. बचत व कर्ज संस्थांची करमुक्ती १९५१ मध्ये गेली, तेव्हा सभासदांची मालकी तिला वाचवू शकली नव्हती. परंतु विषमता करात असेल, तर उपायही करातच शोधावयास हवा. कर्जमर्यादेने ती दूर होत नाही. लहान व्यावसायिकाचा एक दरवाजा तेवढा बंद होतो.

१९९८ च्या कायद्याने करमुक्तीची कारणे स्वतःच नमूद केली आहेत : सभासदांची मालकी, लोकशाही कारभार, नफ्याच्या हेतूचा अभाव, बहुधा स्वयंसेवी संचालक, आणि विशेषतः बेताच्या मिळकतीच्या लोकांची गरज भागविण्याचे कार्य. या शेवटच्या कार्याची कसोटी बँकांना १९७७ च्या कायद्याने लागू आहे. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या वस्त्यांना त्या किती कर्ज देतात, याची तपासणी होते. संघराज्याच्या सनदेवरील पतसंस्थांना तो कायदा लागू नाही. बँकांच्या आक्षेपाचे खरे बळ येथे आहे. कर्जमर्यादेच्या आग्रहाने ते झाकोळते, आणि न्यायाची मागणी बाजारपेठेच्या रक्षणासारखी दिसू लागते.