झुंबर, हौद आणि देवडी : हैदराबादची घरं आपण कशी पाहतो

हैदराबादच्या देखण्या घरांवर निघालेली चकचकीत पुस्तकं आणि मासिकांतले लेख चाळले तर सुरुवात बहुधा ठरलेली असते. आधी फलकनुमा, मग झुंबर, मग संगमरवरी जिना, मग ते लांबलचक जेवणाचं टेबल. छायाचित्रं उत्तम असतात, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण घर जोखतो ते बैठकीच्या दालनावरून. आणि मग कोणतं घर वाचवायचं आणि कोणतं पाडू द्यायचं, हेही त्याच दालनावरून ठरतं.

आधी फलकनुमाचं श्रेय त्याला देऊ. पायगा घराण्यातले नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ साली टेकडीवर हे काम सुरू केलं. खर्च इतका वाढला की नवाबसाहेब मेटाकुटीला आले आणि शेवटी वाडा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे गेला. १९५०च्या दशकानंतर तो जवळपास बंदच होता. प्रिन्सेस एसरा यांच्या देखरेखीखाली दहाएक वर्षं दुरुस्ती चालली आणि २०१०च्या नोव्हेंबरात ताजचं हॉटेल सुरू झालं. लाकूड, चामडं, रंगीत काच, छतावरची चित्रं, सगळ्यावर मन लावून काम झालंय. साइटवर आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा कामाची किंमत लगेच कळते.

आता उणं. या वाड्याचा नकाशा विंचवासारखा आहे असं म्हणतात. पुढे पसरलेल्या दोन नांग्या, मध्ये मुख्य इमारत, आणि मागे शेपटीसारखा लांबत गेलेला भाग : मुदपाकखाना, गोल बंगला, जनाना. आल्बमवाले विंचवाचं डोकं दाखवतात आणि थांबतात. एकशे एक माणसांच्या टेबलाचं कौतुक होतं. पण एवढ्या पंगतीचं अन्न कुठे शिजत होतं, पाणी टेकडीवर कसं चढत होतं, जेवण गरम असताना टेबलापर्यंत कसं पोचत होतं, हे कुणी विचारत नाही. घर म्हणून त्या वास्तूची खरी परीक्षा तिथेच आहे.

चौमहल्ला मला या बाबतीत उजवा वाटतो. त्याचीही दुरुस्ती एसरा यांच्याच देखरेखीखाली झाली आणि २०१०मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. खिलवत मुबारकमध्ये झुंबरं आहेतच, पण लक्षात राहतो तो चौक. मधोमध हौद आणि भोवती अफजल, आफताब, महताब, तहनियत हे चार महाल. एका महालातून दुसऱ्यात जाताना ऊन, सावली, पाणी असा क्रम लागतो. वास्तू इथे चालता चालता कळते, नुसत्या फोटोतून नाही.

तिसरं उदाहरण कोठीच्या रेसिडेन्सीचं. तिला आपण महिला कॉलेज म्हणूनच ओळखतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक यांनी बांधलेला दरबार हॉल आणि त्याचे उंच खांब नुकतेच छान दुरुस्त झाले. पण त्यांची पत्नी खैरुन्निसा जिथे राहायची तो रंगमहाल एकोणिसाव्या शतकातच पाडला गेला. दर्शनी भाग राहिला, राहतं घर गेलं. इथली ही नेहमीची गोष्ट आहे.

आणि या गोष्टीत सगळ्यात जास्त नुकसान झालं ते देवडीचं. मराठीत देवडी म्हणजे दरवाज्यालगतची पहारेकऱ्यांची जागा. किल्ल्यांवर आपण ती पाहतो. हैदराबादेत मात्र सरदाराच्या अख्ख्या वाड्यालाच देवडी म्हणतात. बाहेरून उंच भिंत आणि कमान, बस्स. सौंदर्य सगळं आत : मर्दाना, जनाना, चौक, लाकडी खांबांचे सोपे, हौद. चुन्यातल्या जाड भिंती दिवसाचं ऊन हळूहळू आत घेतात, रात्री चौकातून उष्णता वर निघून जाते. मे महिन्यात याचा अर्थ काय, हे सांगायला नको. पण रस्त्यावरून फोटो काढला तर दिसते एक पोपडे गेलेली भिंत.

चारमिनारजवळची मालवाला देवडी कोरीव लाकडासाठी प्रसिद्ध होती. वारसा यादीत नाव असूनही २०००मध्ये तिचा बराचसा भाग पाडला गेला. मालवाला हे कायस्थ घराणं, निजामाच्या दफ्तर-ए-मालचे दफ्तरदार. दुसरं दफ्तर, दफ्तर-ए-दिवानी, राय रायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होतं आणि मराठवाड्याचे हिशेब त्यांच्याकडे येत. आपल्या कित्येकांच्या गावांची नावं त्या कागदांत असतील. म्हणजे शाहअली बंड्याच्या बाजूच्या देवड्या या आपल्याही इतिहासाचा भाग आहेत. नुसता ‘नवाबी थाट’ म्हणून सोडून देता येणार नाही.

जुन्या वारसा नियमाचं संरक्षण २०१५मध्ये गेलं. २०१९मध्ये विधानसभेच्या नव्या इमारतीसाठी इर्रम मंझिल पाडायचं ठरलं होतं, ते हायकोर्टाने रद्द केलं. इर्रम मंझिल टेकडीवर आहे, दुरून दिसतं, म्हणून लोक बोलले. गल्लीतल्या देवडीसाठी कोर्टात कोण जाणार?

म्हणून मंडळापुढे एक सूचना. पुढच्या वारसा-फेरीत कॅमेऱ्याबरोबर मोजपट्टीही घ्या. उरलेल्या देवड्यांचे, घरमालकांच्या संमतीने, साधे नकाशे काढू : चौकाची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, विहीर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जनान्याची वाट. चुना कसा आहे, लाकूड कोणतं, कुठे वाळवी लागली आहे, तेही लिहून ठेवू. घरातल्या वयस्कर बायकांना विचारू की कोणत्या ऋतूत कुठे बसत, कुठे निजत. हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. वाडा वाचला तर दुरुस्तीला हे कागद लागतील. नाही वाचला, तर निदान तिथे माणसं कशी राहत होती एवढं तरी हाती राहील. मालवाला देवडीच्या वेळी तेवढंही आपल्या हाती नव्हतं.