बुल्वरच्या कादंबऱ्यांतील उमराव आणि दरोडेखोर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी कादंबरीचा विचार करताना दोन प्रकार सहसा परस्परविरोधी म्हणून मांडले जातात. एक, लंडनच्या उमराव-वर्तुळातील मेजवान्या, पोशाख व विवाहसंबंध रंगविणारी ‘चांदीच्या काट्याची’ कादंबरी. दुसरा, चोर-दरोडेखोरांना नायकपद देणारी ‘न्यूगेट’ कादंबरी. पहिल्या प्रकाराच्या नावामागे हॅझ्लिटने १८२७ मध्ये केलेला उपहास आहे. थोर लोक मासे चांदीच्या काट्याने खातात, याचे थिओडोर हुकला वाटणारे अप्रूप त्याने चव्हाट्यावर आणले. दुसऱ्याला लंडनच्या तुरुंगाचे नाव मिळाले. परंतु एडवर्ड बुल्वर या एकाच लेखकाने ‘पेलम’ (१८२८) आणि ‘पॉल क्लिफर्ड’ (१८३०) या कादंबऱ्यांनी अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही प्रकार गाजविले, ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे. माणूस सभ्य ठरतो तो शीलाने की रीतीभातीने, हा एकच प्रश्न या दोहोंच्या मुळाशी आहे.

‘पेलम’चा नायक नखशिखान्त छानछोकी तरुण आहे. तथापि खुनाचा आळ आलेल्या मित्राला सोडविण्यासाठी त्याला धर्मोपदेशकाच्या वेषात लंडनच्या चोरांच्या अड्ड्यात उतरावे लागते. तेथे त्याला अराजक आढळत नाही. त्या जगालाही स्वतःची भाषा, स्वतःचे संकेत आणि आपपरभाव आहे. दिवाणखान्यात कमावलेले वेष पालटण्याचे कसब पेलमला येथे उपयोगी पडते. दोन्ही जगे मुखवट्यावर चालतात, हे बुल्वर कथानकातूनच दाखवितो.

‘पॉल क्लिफर्ड’मध्ये ही तुलना उघड आरोप बनते. न केलेल्या चोरीबद्दल तुरुंगात गेलेला पोरका मुलगा तेथील संगतीने दरोडेखोर होतो, आणि पुढे बाथच्या प्रतिष्ठित समाजात ‘कॅप्टन’ म्हणून सहज मिसळतो. त्याच्या टोळीतील मंडळी तत्कालीन राजकारण्यांची व्यंगचित्रे आहेत. ‘जंटलमन जॉर्ज’ हा तर प्रत्यक्ष चौथा जॉर्ज राजाच. शेवटी त्याला फाशी सुनावणारा न्यायाधीश ब्रँडन त्याचा जन्मदाता निघतो. घोडा किंवा मेंढी चोरल्याबद्दलची देहान्त शिक्षा इंग्लंडात १८३२ पर्यंत कायम होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाची धार कळते. गुन्हेगार घडविणारा आणि त्याला दंड देणारा एकच, हा त्याचा अर्थ.

मात्र बुल्वरची मर्यादाही याच प्रसंगात आहे. पॉलविषयी वाचकाची सहानुभूती मिळविताना त्याने त्याला देखणा, सुसंस्कृत आणि अखेर कुलीन पित्याचा पुत्र केले. त्यामुळे कायद्यावरील टीका तीव्र झाली, तरी ज्यांच्यावर तो कायदा प्रत्यक्ष कोसळत होता ते दरिद्री, अशिक्षित गुन्हेगार कादंबरीच्या कडेलाच राहिले. चांदीचा काटा दरोडेखोराच्या हाती दिल्यावाचून त्याच्याकडे माणूस म्हणून पाहता येणार नाही, अशी ही तडजोड आहे. डिकन्सही तिच्यातून सर्वस्वी सुटला नाही. त्याचा ऑलिव्हरदेखील सभ्य घराण्याचा निघतो. पण ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील (१८३७–३९) नॅन्सीला ना कुळ मिळते, ना रीतीभातीचे तेज, तरी तिचा मृत्यू वाचकाला हेलावतो.

थॅकरेने ‘कॅथरिन’मध्ये (१८३९–४०) या संप्रदायाची टवाळी करून गुन्हेगारांच्या गौरवाचा आरोप ठेवला. बुल्वरविरुद्ध खरा आक्षेप याहून वेगळा घ्यावयास हवा. त्याने गुन्ह्याला प्रतिष्ठा दिली, हा त्याचा दोष नव्हे. प्रतिष्ठेवाचून करुणा उपजू शकते यावर त्याचा पुरेसा विश्वास नव्हता, हा आहे. उच्चभ्रू समाजाचा दंभ त्याने अचूक ओळखला. परंतु त्या समाजाचे मोजमाप त्याला टाकता आले नाही.