उत्पन्न कोणाचं, मत कोणाचं?

निवडणुकीनंतर एक मांडणी हमखास कानावर येते: जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न एका बाजूला, पक्षांची मतं दुसऱ्या बाजूला, आणि निष्कर्ष असा की घरात पैसा वाढला की लोक सत्तेबरोबर राहतात. ही मांडणी आपण आपल्याच जिल्ह्याला लावून पाहू.

२०२४च्या लोकसभेत मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली, औरंगाबादची. (शहराचं नाव बदललं, मतदारसंघाचं तेच राहिलं.) वाळूजचे कारखाने इथलेच, म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला! पण संदीपान भुमरे यांना पावणेपाच लाखांच्या आसपास मतं, तर इम्तियाज जलील आणि चंद्रकांत खैरे यांना मिळून सहा लाखांहून जास्त. तिरंगी लढतीचा निकाल उत्पन्नाच्या खात्यावर कसा टाकायचा?

शिवाय पैठण, सिल्लोड, फुलंब्री हे आपल्याच जिल्ह्यातले, पण लोकसभेला जालन्यात. तिथे काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले. आणि जिल्हा उत्पन्न तरी काय असतं? हद्दीत झालेलं उत्पादन. वाळूजच्या कंपनीचा नफा त्यात धरला जातो, भागधारक मुंबईत का असेना. पैठणच्या घरात काय आलं, हे त्यातून कळत नाही. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल अनुमान काढण्यातला दोष रॉबिन्सन यांनी १९५०मध्येच दाखवला होता.

बरं, घराचा आकडा मिळाला तरी भागतं का? त्याच वर्षी जुलैपासून ‘लाडकी बहीण’चे महिना १५०० रुपये लागू झाले. सोयाबीनचा हमीभाव होता ४८९२, बाजारात भाव त्याच्या बराच खाली. समजा, क्विंटलमागे साडेसातशे कमी मिळाले आणि माल दहा क्विंटल. आडत्याच्या पट्टीत ७५०० गेले, बाईच्या खात्यात पाच हप्त्यांचे ७५०० आले. घराची वाढ शून्य! पण त्या घरात काहीच बदललं नाही, असं कोण म्हणेल? मताधिकार कुटुंबाला नसतो, हे या मांडणीत विसरलं जातं.

नोव्हेंबरात महायुतीने २८८पैकी २३० जागा घेतल्या आणि लगेच ‘बहिणींनी सरकार आणलं’ असं सुरू झालं. हेही तितकंच घाईचं अनुमान. हप्ता मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांची मतं वेगळी कळल्याशिवाय ते आम्ही मान्य करणार नाही. सर्वेक्षणवाल्यांनी ‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न’ या रकान्याशेजारी आणखी दोन प्रश्न घालावेत: तुमच्या स्वतःच्या खात्यात किती येतं, आणि ते खर्चताना कोणाला विचारावं लागतं?